होडी नव्हे, बोडी

पान १, ओळ २.
छापले आहे: 'होडीच्या गोष्टीने महाराष्ट्रातल्या मुलांना वेड लावणाऱ्या लेखिका मंगलाबाई शहारे'.
वाचावे: 'बोडीच्या गोष्टीने'.

ही चूक माझी आहे. पुढच्याही बहुतेक माझ्याच आहेत. म्हणून चरित्र छापून झाल्यावर त्याचं शुद्धिपत्र मी स्वतःच लिहायला घेतलं. चरित्र सोळा पानांचं, मंगलाबाईंच्या पुस्तकाच्या आठव्या आवृत्तीला मागे जोडलेलं. शुद्धिपत्र त्याहून लांब होत चाललं, तेव्हा मालक म्हणाले, "हे काय चालवलंय? चिठ्ठी चिकटवायची असते, पुस्तक नव्हे." त्यांनी ते छापलं नाही. ते हे.

मी नागपूरच्या एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधक होतो. १९७२ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं हस्तलिखित आलं. नाव होतं 'बोडीतले पाहुणे'. मी साताऱ्याकडचा. बोडकं डोकं मला माहीत होतं, बोडी माहीत नव्हती. गोष्टीत पाणी होतं, पक्षी होते, मासे होते. बाईंच्या हातून 'ह'चा 'ब' झाला असणार असं मी धरलं आणि दुरुस्त केलं. सत्तेचाळीस ठिकाणी.

आमचा खिळे जुळवणारा जुळारी टिकाराम भंडाऱ्याकडचाच, तुमसरपलीकडच्या बपेऱ्याचा. त्याने खिळे बरोबर लावले होते. दुरुस्तीचा कागद घेऊन तो माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, बोडीच हाय."

"मूळ प्रतीत काय आहे ते मला कळतं, टिकाराम. तुम्ही खिळे जुळवा."

तो गेला. सत्तेचाळीस 'ब' काढून सत्तेचाळीस 'ह' बसवले. पुस्तक 'होडीतले पाहुणे' म्हणून निघालं.

भंडाऱ्याकडे धानाच्या शेताशेजारी मातीची पाळ घालून पाणी अडवतात. त्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. हे मला बारा वर्षांनी कळलं.


पान २, ओळ ९.
छापले आहे: 'बाईंची कल्पनाशक्ती अफाट आहे'.
वाचावे: 'बाईंची नजर अफाट आहे'.

माझ्या दुरुस्तीनंतर गोष्ट अशी झाली: एक होडी आहे. तिच्यात पाणी आहे. तिच्या काठावर अर्जुनाचं झाड आहे. झाडाच्या फांदीवर बदकं ओळीने बसून शीळ घालतात. होडीतल्या पाण्यात टिबुकली नावाचा इवलासा पक्षी पोहतो आणि पिलांना पाठीवर घेऊन फिरवतो. संध्याकाळी एक कोल्हा चालत होडीत येतो, पाणी पितो, खेकडा धरतो आणि चालत निघून जातो.

चित्रकाराने मुखपृष्ठावर मोठी लाल होडी काढली, तिच्यात झाड उभं केलं. मुलं खूश झाली. एका वाङ्मयीन मासिकात समीक्षकाने लिहिलं, 'पाण्यात होडी सगळेच पाहतात. होडीत पाणी पाहायला प्रतिभा लागते.' झाडावर बसणाऱ्या बदकांवर त्याने एक अख्खा परिच्छेद खर्च केला. पाठीवर पिलं घेतलेल्या टिबुकलीला तो 'होडीतली होडी' म्हणाला. सात आवृत्त्या निघाल्या.

बाईंचं तक्रारीचं पत्र आलं होतं, पहिल्या आवृत्तीनंतर लगेच. मालकांनी उत्तर दिलं की जुळवलेले खिळे सोडून झाले, पुढच्या वेळी पाहू. पुढच्या वेळेपर्यंत होडी प्रसिद्ध झाली होती.

मी ते पत्र पाहिलं नव्हतं. टिकारामने पाहिलं होतं.


पान ४, पहिला परिच्छेद.
छापले आहे: 'बालपणी वडिलांच्या होडीत बसून लहानग्या मंगलाने निसर्गाशी गट्टी केली'.
वाचावे: वाचू नये.

हा परिच्छेद मी नागपुरात, पंख्याखाली बसून लिहिला. मालकांना आठव्या आवृत्तीला चरित्र हवं होतं आणि त्यांनी ते माझ्याकडे सोपवलं, कारण पुस्तक सात वेळा वाचलेला छापखान्यात मीच होतो. पहिला खर्डा झाल्यावर म्हटलं, बाईंना एकदा भेटून यावं. १९८४चा फेब्रुवारी, रविवार. सानगडीला एसटीतून उतरलो तर सायकल घेऊन एक उंच, सडसडीत गृहस्थ उभे होते, धोतर आणि कोट.

"तुमीच का चरित्रवाले?"

"हो."

"मी यादोराव. चरित्रवालीचा नवरा. बसा मागं."

गाव कोसभर आत. वाटेत धानाच्या बांध्यांमध्ये, कापणीनंतर पेरलेली लाखोरीची डाळ शेंगांवर आली होती. यादोराव धापा टाकत बोलत होते. बाईंना बारीकसारीक विचारायचं असेल तर विचारा, पण पक्ष्यांचं विचारू नका, एसटी चुकेल, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

मंगलाबाई पन्नाशीच्या पुढे, ठेंगण्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली बाक होता, त्यावर त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी प्रश्नांचा कागद काढला. पहिला प्रश्न मालकांचा होता.

"तुमच्या बालपणीची होडी कशी होती?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "सांगा जी, कशी होती."

"लाकडाची असन," यादोराव म्हणाले.

"कुठं होती?" बाईंनी विचारलं.

"यांच्या कागदात."

बाई उठल्या, पदर खोचला. "चला, दाखवते तुमाले होडी."

घराच्या मागे दोन बांध्या ओलांडल्या की पाळ. पाळीवर अर्जुनाचं झाड. खाली अर्ध्या एकराचं पाणी, त्यावर कमळाची पानं, कडेला आपोआप उगवणाऱ्या देवधानाची वाळलेली ताटं. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मग तेच बोट वर नेलं.

फांदीवर बदकं बसली होती. अकरा. तपकिरी, माना वर करून. त्यांतल्या एकाने शीळ घातली, मग दुसऱ्याने.

मला समीक्षकाचा अख्खा परिच्छेद आठवला.

"या अडई," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "झाडावर बसतेत, झाडाच्या ढोलीत अंडे घालतेत. लोक म्हणतेत बाईनं काय कल्पना केली. मी कल्पना नाही केली जी. मी पायलं."

त्यांची आई दुसऱ्यांच्या शेतावर धानाच्या रोवणीला जायची आणि सहा वर्षांच्या मंगलाला पाळीवर बसवून ठेवायची. खेळायला काही नव्हतं. पाहायला हे सगळं होतं. पुढे शाळेत नोकरी लागल्यावर त्या लिहून ठेवू लागल्या. घरी परतल्यावर त्यांनी वह्या दाखवल्या. सव्वीस. अमुक तारखेला अडई आल्या, अमुक तारखेला टिबुकलीने घरटं बांधलं, देवधान पिकलं, ढिवरांनी जाळं टाकलं. पानापानांवर समासात दोन शब्द: 'खात्री नाही'. मग दोन-तीन वर्षांनी त्याच समासात वेगळ्या शाईने: 'खात्री झाली', आणि तारीख. एका नोंदीपुढे खात्री व्हायला नऊ वर्षं लागली होती. मी आयुष्यभर समासात खुणा करत आलो. असा समास मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी पुस्तकाची एक प्रत काढली. पवनीच्या शाळेत असताना तिथल्या वाचनालयासाठी घेतलेली, बदली झाली तेव्हा फाटायला आलेली म्हणून दुसरी देऊन परत आणलेली. आत प्रत्येक 'हो'वर कागदाची बारीक चिठ्ठी डकवली होती, तिच्यावर शाईने 'बो'.

"सत्तेचाळीस," बाई म्हणाल्या. "अशा एकतीस पुस्तकायले लावल्या. पण पुण्या-मुंबईच्या पोट्ट्यायच्या पुस्तकाले कशी लावू?" त्यांनी चष्मा पुसला. "कोण तो प्रूफवाला होता कोण जाणे. बारा वर्सं झाले, रोज शिव्या देऊन राहिली त्याले."

"रोज नाही," यादोराव म्हणाले. "इतवारी सुट्टी."

मी चहाचा कप खाली ठेवला. "तो मी."

यादोरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज इतवारच हाय जी. वाचले."

बाई हसल्या नाहीत. चिडल्याही नाहीत. गणित चुकलेल्या मुलाला वर्गात उभं करावं तसं त्यांनी विचारलं, "मले एक सांगा. कोल्हा चालत येते, पाणी पिते, खेकडा धरते, चालत जाते. होडीत कोल्हा चालत आला. तुमाले काईच खटकलं नाही?"

"खटकलं."

"मंग?"

"वाटलं, लहान मुलांचं पुस्तक आहे."

"म्हणून?"

मी प्रश्नांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"लहान पोट्ट्यायचं हाय म्हणून तर खरं पायजे ना जी. मोठ्या माणसाले काईबी सांगा, तो चार जणाले इचारून घेते. पोट्टे कोणाले इचारतीन?"


पान ७, ओळ ४.
छापले आहे: 'कमळपक्ष्याची आई पानावर अंडी उबवते'.
वाचावे: 'कमळपक्ष्याचा बाप पानावर अंडी उबवतो'.

होय, हेही मीच. मूळ हस्तलिखितात 'बाप' होतं. मी पहिल्या आवृत्तीतच 'आई' केलं आणि चरित्रात तेच उतरवलं. बाईंनी मला वह्या काढून दाखवल्या: चार पावसाळे, चारही वेळा अंड्यांवर बाप. आई अंडी घालते आणि निघून जाते. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत समासात 'खात्री नाही' होतं.

"ही दुरुस्ती मात्र तुमी बरी केली," यादोराव मला म्हणाले. "नाही तर हिनं मलेच बसवलं असतं."

"बसवलं नाही का? तीन लेकरं कोणाच्या मांडीवर वाढले, मी शाळेत जाये तेव्हा?"

"ते उबवलेले नव्हते वं. ते रडत होते."


पान १६, शेवटून दुसरी ओळ.
छापले आहे: 'बाईंनी आठव्या आवृत्तीला आनंदाने संमती दिली'.
वाचावे: 'बाईंनी आठव्या आवृत्तीला एका अटीवर संमती दिली'.

निघताना त्या पाळीपर्यंत सोबत आल्या. "तुमच्या मालकाले सांगा. माझ्याबद्दल काई छापा, मी पाहणार नाही. होडीत जन्मली म्हणा. पण पुस्तकात बोडी पायजे. नाही तर आठवी आवृत्ती नाही निघणार, मी सही देणार नाही."

आपल्या नावाचं एकच पुस्तक, आणि ते बंद करायला त्या तयार होत्या.

मालकांनी ऐकून पेन्सिल दातात धरली.

"बारा वर्षं मुलं होडी वाचतायत."

"चुकीची वाचतायत."

"चुकीची कशी? आवडीने वाचतायत. आणि बोडी म्हणजे काय, हे कुणाला कळणार?"

"वाचून कळेल," मी म्हणालो. त्या वेळी मला त्याची खात्री होती.

दोन दिवस घासाघीस झाली. मी राजीनाम्याचं बोललो, मालकांनी तो मनावर घेतला नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं. शब्द बाईंचा, चित्रं माझी. ब्लॉक तयार आहेत, होडी मुखपृष्ठावरून हलणार नाही. नाव बदला, आतलं बदला. आणि चरित्र पहिल्या खर्ड्याचंच जाऊ द्या, आता वेळ नाही."

मी मान डोलावली. शब्द परत आला होता. मला तेवढंच दिसत होतं.

टिकाराम मूळ प्रत घेऊन जुळणीला बसला. पहिल्याच ओळीशी थांबला आणि मोठ्याने, सगळ्या छापखान्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, बोडीच ठेवू ना? का मूळ प्रतीत काय हाय ते तुमाले कळते?"

"ठेवा हो, टिकाराम."

"बापही ठेवू?"

"ठेवा."

त्याने सत्तेचाळीसही वेळा मला विचारलं. सत्तेचाळीसही वेळा मी हो म्हणालो. तो त्याचा हक्क होता.


यापुढच्या भागाला पान नाही. हे पुस्तक बाजारात गेल्यानंतरचं आहे.

१९८५च्या दिवाळीनंतर प्रकाशनाच्या पत्त्यावर मुलांची पत्रं आली. दरवर्षी येतात, मी ती गठ्ठा करून बाईंना पाठवतो. त्या वर्षी वरचंच एक उघडलं आणि गठ्ठा बांधायचा थांबलो. डिसेंबरात रजा काढून तो स्वतः घेऊन सानगडीला गेलो. सायकलीच्या मागे बसून जाताना यादोरावांनी दोनदा विचारलं, "कोणी गेलं का जी?"

बाई पाळीवर होत्या. मी पत्र दिलं. कोल्हापूरची मुलगी, चौथीतली, अक्षर गोल:

'प्रिय मंगलाबाई, तुमचं पुस्तक मला खूप आवडलं. सुट्टीत आम्ही रंकाळ्यावर गेलो होतो. मी बाबांना म्हटलं, मला बोडीत बसायचंय. बाबा म्हणाले, होडी म्हण. मी म्हटलं, पुस्तकात बोडी आहे. बाबा म्हणाले, छापणाऱ्यांची चूक असेल. मी त्यांना चित्र दाखवलं. मग आम्ही बोडीत बसलो. तुमची बोडी रंकाळ्यातल्या बोडीपेक्षा मोठी आहे का? तिला वल्ही किती आहेत? उत्तर द्या.'

"अशी आणखी सहा आहेत," मी म्हणालो. "एका शाळेने सहलीचा निबंध पाठवलाय. 'आमचा बोडीतला प्रवास'."

यादोरावांना हसू आवरेना. ते पाळीवरून उतरून पाठ करून उभे राहिले, खांदे हलत होते. बाईंनी पत्र तीनदा वाचलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. वार गुरुवार होता.

"पोरगी बापाशी भांडली," बाई म्हणाल्या. "बोडीसाठी."

"चित्र तेच ठेवू द्यायला नको होतं. चूक माझी."

"तुमची एक हाय. माझी दुसरी." त्यांनी पिशवीतून नवी आवृत्ती काढली आणि माझ्या हातात दिली. "दाखवा. बोडी म्हणजे काय, हे मी कुठं सांगितलं?"

मी तिथेच उभा राहून शोधलं. ते पुस्तक मला तोंडपाठ होतं, तरी पानं उलटली. बोडीवर कोण येतं, केव्हा येतं, काय खातं, कुठे झोपतं, सगळं होतं. बोडी म्हणजे काय, हे नव्हतं.

"आमच्याकडे कोणाले सांगा लागत नाही," बाई म्हणाल्या. "मले वाटलं, सगळ्यायच्याच घरामागं असते. मीही तर बाकीचं जग पायलं नाही ना."

त्या खाली बसल्या. पिशवीतून अंतर्देशीय पत्र काढलं, मांडीवर वही ठेवून त्यावर लिहू लागल्या. मी शेजारी बसून वाचत होतो, सवयीने. 'बाळ, तुझे बाबा बरोबर आहेत. तू बसलीस ती होडी. आमच्याकडे बोडी असते. धानाला पाणी पाहिजे म्हणून मातीची पाळ घालून ते अडवतात. हीच बोडी. तिला वल्ही नसतात, ती कुठेही जात नाही. पाहुणेच तिच्याकडे येतात. ती मोठी नाही. तिच्यात पाणी...'

पेन थांबलं.

"किती खोल हाय जी आपली बोडी?"

"असन कमरेएवढी," यादोराव म्हणाले.

"असन नोको. जा, पाहून या."

"या थंडीत?"

"पोरगी वाट पाहून राहिली."

यादोरावांनी कोट काढून माझ्याकडे दिला, धोतर वर खोवलं, कुंपणाचा एक बांबू उपसला आणि पाण्यात उतरले. अडई फांदीवरून उठल्या, शीळ घालत एक गिरकी घेतली आणि पलीकडच्या बांधीत उतरल्या. यादोराव दात वाजवत मध्यापर्यंत गेले.

"कमरेएवढं!"

"कोणाच्या कमरेएवढं? पोरगी चौथीतली हाय!"

ते थबकले. एक हात पाण्यावर आडवा धरला. मग जरा वर, मग जरा खाली, पाण्यात नसलेल्या मुलीची उंची मापत राहिले. बाई पाळीवरून सांगत होत्या, "तुमच्या नातीएवढी धरा. नाही, तितकी नाही, ते तर सातवीतली हाय!"

"गळ्याएवढं! तिच्या गळ्याएवढं!"

"खात्री हाय?"

"तूच ये ना मंग!"

बाईंनी लिहिलं: 'तुझ्या गळ्याएवढं. म्हणून आलीस की आत उतरायचं नाही, माझ्याजवळ पाळीवर बसायचं.' मग मान वर केली.

"आन खाली काय हाय? रेती का चिखल?"

"पाय निघून नाही राहिला," यादोराव ओरडले, "म्हणजे चिखलच!"

'तळाला चिखल आहे,' बाईंनी लिहिलं, कागद पाहिला, अर्धा अजून कोरा होता, आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तिथंच थांबा, अजून इचारायचं हाय.